खळ्यातलं जुनं लोखंड

मला दुर्गप्रेमी लोक आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समतोल वगैरे अपेक्षा करणार नाही. किल्ल्यांशी माझं काही वाकडं नाही. किल्ला बिचारा आपल्या जागी गप्प उभा असतो. माझं वाकडं आहे ते रविवारी सकाळी मालाडच्या बसमधून उतरणाऱ्या, एकसारखे टी-शर्ट घातलेल्या आणि उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसांशी. मासळीच्या वासाचं एवढं वावडं असेल तर डोंगरावरच्या किल्ल्यांवर जावं. सह्याद्रीत काय कमी आहेत? पण तिथे चढावं लागतं.

आमचा कोळीवाडा मालाडच्या पश्चिमेला, बसचा रस्ता संपतो तिथे आहे. वाड्याच्या टोकाला खडक आणि खडकावर किल्ला. आम्ही त्याला बुरूज म्हणतो, कारण धड असा एक बुरूजच उरलाय. बाकी दोन भिंती आणि त्यांत उगवलेले पिंपळ. त्या भिंतींच्या पायथ्याशी सपाट जागा आहे. दिवसभर ऊन असतं आणि समुद्राकडून वारा येतो. म्हणून तिथे आमचं खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, ती वलांडी; तिच्यावर बोंबील. खाली जुनी जाळी अंथरून तिच्यावर जवळा. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत हेच चालतं. माझ्या लहानपणापासून बुरुजाच्या भिंतीला सुकटीचा वास आहे, आणि त्याबद्दल बुरुजाने कधी तक्रार केलेली नाही.

खळ्यात बऱ्याच घरांच्या जागा आहेत. अगदी भिंतीला लागून असलेली पट्टी माझ्या आत्याची. आजोबांनी लेकीला दिलेली. आत्याचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, होडी दिराकडे गेली. ती माघारी आमच्याकडे आली तेव्हा आजोबांनी तिला ती पट्टी दाखवून, इथे तुला कुणी हात लावणार नाही, असं सांगितलं होतं. सातबारा वगैरे काही नाही. आमच्यातल्या कुणाच्याच खळ्याला नसतो. माझे वडील गेल्यावर माझी शाळा, कॉलेज, सगळं त्या पट्टीवरच्या बोंबलांनी केलं. आज मी मालाडमधल्या एका शाळेत क्लार्क आहे, आत्या माझ्याच घरात राहते, मी तिला दोन वेळचं घालू शकते. पण ते खळं गेलं तर तिला माझ्या तोंडाकडे बघत बसावं लागणार होतं, आणि आत्या जन्मात कुणाच्या तोंडाकडे बघत बसलेली नव्हती. ती पट्टी हेच तिचं सासर, माहेर आणि पेन्शन होतं.

तर एका रविवारी हे लोक आले. यावेळी त्यांच्याबरोबर यंत्र होतं. लांब दांडा, खाली थाळीसारखी चकती आणि कानाला हेडफोन. यंत्र धरणारा मुलुंडहून यायचा. पन्नाशीचा, दाढी राखलेला, गळ्यात शिट्टी. मी त्याला शेवटपर्यंत यंत्रवालाच म्हणत आले. बाकीचे त्याच्या मागून छोटी फावडी घेऊन चालत होते, लग्नात नवरदेवाच्या मागे चालतात तसे. स्वच्छता मोहीम असं त्यांच्या टी-शर्टवर लिहिलं होतं. एकानेही एक प्लास्टिकची पिशवी उचलली नाही.

यंत्र बुरुजावर विशेष वाजेना. खाली आले तर आत्याच्या पट्टीत वाजायला लागलं आणि थांबेचना. वाजणार नाही तर काय! इतक्या वर्षांचे खिळे, गळ, तारा, डब्यांचे पत्रे तिथे गाडले गेलेत.

"मावशी, जरा तो जवळा बाजूला घ्याल का? इथे सिग्नल येतोय," यंत्रवाला म्हणाला.

"कसला सिग्नल? मोबाईलचा? इथं नाय येत," आत्या मान वर न करता म्हणाली.

"जमिनीखाली काहीतरी आहे."

"हाय ना. माझा घाम हाय."

तरी त्यांनी कडेने खणलंच. मी तेव्हा घरून चहा घेऊन येत होते. बघितलं तर जवळ्याची जाळी अर्धी गुंडाळलेली आणि एक पोरगी त्यावर चपलेसकट उभी. माझं डोकंच फिरलं.

"परवानगी आहे का तुमच्याकडे खणायची?"

"मॅडम, आम्ही इतिहासासाठी करतोय."

"मग मी येते मुलुंडला. तुमच्या हॉलमध्ये खणते. इतिहासासाठी."

"तुम्ही चिडू नका. हा आपल्या सगळ्यांचा वारसा आहे."

"आपल्या सगळ्यांचा असेल तर चपला काढा त्या पोरीच्या."

तेवढ्यात फावडंवाल्या एकाने आरोळी ठोकली. मातीतून शिशाच्या गोळ्या निघाल्या होत्या, बोराएवढ्या, पांढुरक्या पडलेल्या. यंत्रवाल्याने एक तळहातावर घेतली, पुसली आणि चक्क कपाळाला लावली. बंदुकीच्या गोळ्या आहेत म्हणाला. सगळ्यांनी घोषणा दिल्या. दोन कावळे उडाले.

आत्याने एक गोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. आजोबा जाळ्याला लावायला शिसं घरीच ओतायचे, तशाच गोळ्या. "आमच्या बापाच्या पन असतील," ती म्हणाली. मी विचारलं, नक्की का? तिलाही सांगता येईना. गोळीला भोक असतं तर जाळ्याची म्हणता आलं असतं, पण काही गोळ्या भोक पाडण्याआधीच हरवायच्या. खरं सांगायचं तर त्या बंदुकीच्याही असतील. किल्ल्याखाली बंदुकीच्या गोळ्या सापडणं काही जगावेगळं नाही. पण यंत्रवाल्याला दुसरी शक्यता ऐकायचीच नव्हती. त्याने गोळ्या डबीत भरल्या, आत्याच्या वलांडीचे, तिथल्या होडीच्या मोडक्या नांगराचे, खडकातल्या लोखंडी कड्याचे फोटो काढले आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, इथलं काही हलवू नका हं. आता पुरातत्त्व खातं येईल."

हे त्याचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलंय. त्याने हलवू नका म्हटलं होतं. त्याला मी शिव्या घालते, पण खोटं बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ आला. शाळेत शिपायाने मला दाखवला, ताई हा तुमच्याकडचा ना, म्हणून. मागे तुतारी वाजत होती. गोळ्या दिसत होत्या, बुरूज दिसत होता आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की ऐतिहासिक ठेवा अतिक्रमणाच्या विळख्यात. अतिक्रमण म्हणजे आत्या. ती मागे वाकून जवळा पसरताना दिसत होती, तोंड दिसत नव्हतं, फक्त पाठ आणि काष्टा. मी तो व्हिडिओ शिपायाच्या फोनवर तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला कुणाला तरी मारावंसं वाटलं. खाली लोकांनी लिहिलं होतं की हाकला यांना. लिहिणारे सगळे मराठीच होते.

आता आमच्या वाड्याची गंमत सांगते. आमच्याकडे बातमी जेट्टीवरून वाड्यात येईपर्यंत तिचं शेपूट गळून पडतं. यंत्रवाला नाक्यावरच्या चहावाल्याला म्हणाला होता की जुनं काही सापडलं की जागा संरक्षित होते, कुंपण पडतं. पण जुना वापर असेल तर तोही बघतात, असंही तो म्हणाला होता. वाड्यात पोचलं ते एवढंच, जुनं सापडलं की जागा गेली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर हेच. कुणाची तरी नणंद दहिसरला राहते, तिच्या तिकडे नदीकाठी असंच झालं म्हणे. नणंदेला कुणी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर बायका जमल्या. माझा चुलतभाऊ होता, होडीवाला. आत्या भिंतीला टेकून बसली होती.

"जुनं सापडलं तं जागा जाते ना?" ती म्हणाली. "मग जुनं ठेवायचंच नाय."

"म्हंजी?" चुलतभाऊ म्हणाला.

"म्हंजी साफ करायचं. त्यांची ती काठी फिरली तरी वाजली नाय पायजे."

मी म्हणाले, "आत्या, थांब जरा. कुणाला तरी विचारू."

"कुनाला इचारते? तुझ्या शालंच्या हेडमास्तरला? त्यो तं बटाटा खातो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. झालं, ठरलं. समुद्रात फेकायचं. हे आमच्याच लोकांना सुचू शकतं. दुसऱ्या कुणाला एखादी वस्तू नाहीशी करायची असेल तर तो माळ्यावर टाकील, भंगारवाल्याला देईल, पुरून ठेवील. आमच्याकडे दाराशी समुद्र आहे आणि घरचा माणूस होडी घेऊन उभा आहे, म्हणजे नको ते सगळं समुद्रात जातं. लग्नातले सुकलेले हार जातात, मेलेल्याची गादी जाते, फुटलेले देव जातात. तसंच हेही.

सकाळच्या भरतीला कामाला सुरुवात झाली. सगळ्या बायका खराटे, पहारी, घमेली घेऊन उतरल्या. खिळे वेचले, गळ वेचले, गंजलेल्या तारा ओढून काढल्या. कुणाच्या तरी घरी दरवाजाला आधार म्हणून ठेवलेला तोफेचा गोळा आला. ताडपत्रीवर ठेवायचे दोन गोळे गेले. मग भोकाचे दगड. हे दगड म्हणजे मोठे धोंडे, मध्ये आरपार भोक. लोखंडी नांगर परवडायच्या आधी आमची माणसं दोरी ओवून हेच पाण्यात सोडायची. दगड काही यंत्राला वाजत नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी बोललेही.

"जुनं दिसतं ना? टाक," एक काकी म्हणाली.

बुरुजाच्या खालच्या खडकात एक लोखंडी कडं होतं. होड्या बांधायचं. दोरी घासून घासून त्याची एक बाजू करंगळीएवढी बारीक झाली होती. ते निघेना. चुलतभावाने छिन्नी आणली, खडक फोडला, कडं उपटलं. खडकाला पांढरीशुभ्र जखम झाली. मी तिकडे पाठ केली, घमेलं उचललं आणि होडीत ओतून आले. सगळ्या करतायत आणि मी एकटी तत्त्व सांगत उभी राहू, असा माझा स्वभाव नाही.

शेवटी राहिला नांगर. आजोबांचा, एक पाकळी मोडलेला. आत्याच्या वलांडीची कोपऱ्यातली दोरी त्यालाच बांधलेली असायची. नारळी पौर्णिमेला बायका आपापल्या होडीची पूजा करायच्या. आत्याकडे होडी नव्हती, म्हणून ती त्या नांगराला हळदकुंकू लावायची, नारळ दाखवायची. वर्षानुवर्षं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. सगळ्यांच्या रंगवलेल्या होड्या आणि आमचं ते मोडकं लोखंड.

"हा राहू दे गं," मी म्हणाले. "घरात नेऊन ठेवू. कॉटखाली."

"घरात येऊन बघतील तं?"

"कोण घरात येतंय?"

"खल्यात कोन येनार व्हतं?" आत्या म्हणाली. "आले ना?"

तिने दोरी सोडली, नांगरावर हात फिरवला, कुंकू नव्हतं म्हणून ओलं बोट लावलं आणि चुलतभावाला म्हणाली, "खोल जा. काठाला नको." ती स्वतः होडीत बसली. आम्ही खडकावरून बघत होतो. खाडीच्या तोंडाशी, जिथे ओढ जास्त आणि खाली नुसता चिखल, तिथे तिने तो स्वतः ढकलला. परत येताना ती चक्क खुशीत होती. बायकांनी खळं शेणाने सारवलं. एवढं स्वच्छ खळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वाड्यात सगळ्यांना वाटत होतं की आपण जिंकलो.

मग सरकारी बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मी भांडायच्या तयारीने रजा टाकून बसले होते. पहिला धक्का हा की त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. दुसरा हा की त्यांनी यंत्रवाल्याला, तो उत्साहाने मागे मागे येत होता, लांब उभं राहायला सांगितलं. त्या आत्याशेजारी वलांडीखाली उकिडव्या बसल्या.

"आजी, किती वर्षं सुकवता इथे?"

"माझा बाप सुकवायचा. त्याची आय सुकवायची."

"त्या वेळचं काही आहे का? जुनं?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे झाले. "काही नाही. काहीच जुनं नाही इथे. बघा हवं तर."

"अहो, नाही कसं? मला फोटो आले होते," बाई म्हणाल्या. "नांगर होता. खडकात कडं होतं, घासलेलं. तेच बघायला आलेय मी. फोटो कुणीही कुठलेही पाठवतं, मला जागेवर बघून लिहावं लागतं. किल्ल्याखाली जुना कोळ्यांचा वापर आहे असं दिसलं तर कुंपणाची रेघ खळं सोडून, भिंतीला लागून घेता येते. खळं बाहेर राहतं."

चुलतभाऊ समुद्राकडे बघू लागला. दगड टाकायला लावणारी ती काकी, सगळ्यात जास्त घमेली भरणारी, हळूच मागे सरकली आणि गेलीच. मला आत्याच्या तोंडाकडे बघवेना. तिला बाईंचं बोलणं कळायला वेळ लागला असं नाही. तिला ते लगेच कळलं. ती एवढंच म्हणाली, "होतं. टाकलं."

"कुठे?"

आत्याने हात केला. समोर नुसतं पाणी होतं.

बाई उठल्या, खडकापाशी गेल्या, त्या पांढऱ्या जखमेवर बोट फिरवलं. त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं. निदान ओरडता आलं असतं. "ताजं फोडलंय," त्या म्हणाल्या. "हे मला लिहावं लागेल. जे दिसतं तेच लिहिता येतं."

त्या गेल्यावर मी मात्र ओरडले. आत्यावर ओरडले, चुलतभावावर ओरडले. एका माणसाला, एका तरी माणसाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं! आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "झालं तुझं? मना भाकरी टाकायच्यात." आणि घरी गेली. मी खळ्यातच बसून रडले. दुःखाने कमी आणि रागाने जास्त.

चुलतभावाने दोन ओहोट्यांना जाऊन लोखंडी आकडा टाकून बघितला. एक जाळ्याचा तुकडा, एक प्लास्टिकची खुर्ची आणि गणपतीची चौकट वर आली. नांगर आला नाही. तिथला चिखल काही परत देत नाही.

रविवारी यंत्रवाला पुन्हा हजर. मी वाटच बघत होते.

"खूश?" मी म्हणाले. "मिळाला वारसा?"

"मॅडम, मी हलवू नका म्हणालो होतो." तो खरंच दुखावला होता. "तुम्ही पुरावाच नष्ट केलात. असं कुणी करतं का?"

"अतिक्रमण कुणी लिहिलं होतं?"

"ते एडिटिंग करणाऱ्या मुलाने."

"काढा मग ते."

"आता ते खूप पुढे गेलंय, मॅडम."

तो माझ्यावर मेहरबानी करत असल्यासारखा म्हणाला की मी यंत्र फिरवून बघतो, काही खाली राहिलं असेल तर बाईंना कळवू. आणि मी, जिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, ती त्याच्या मागून आत्याच्या पट्टीत चालू लागले. देवाला नवस केल्यासारखी मनात म्हणत होते की वाज, मेल्या, वाज. एवढा जोर लावून मी कधी काही मागितलं नसेल. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. एकदाच वाजलं. थंड पेयाच्या बाटलीचं झाकण निघालं. आमच्या बायका कामाला लागल्या की असं काम करतात.

कुंपण पावसाळ्याआधीच झालं. लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवले, मध्ये जाळी. आत्याची पट्टी अख्खी आत गेली, बाकीच्यांच्या जागाही अर्ध्याअधिक गेल्या. कुंपण आणि भरतीची रेघ यांच्यामध्ये दोन माणसं जेमतेम चालतील एवढी वाळू उरली. दारावर एक पाटी लागली. तिच्यावर बुरूज कुणी बांधला, कुणी जिंकला, कुणी परत जिंकला, सगळं आहे. आमच्याबद्दल एक अक्षर नाही. वाड्यातले लोक आपापली सोय बघायला लागले. कुणी घरावर सुकवू लागले, कुणी बसच्या रस्त्याच्या कडेला, धूळ खात. आत्याने कुठेच सुकवलं नाही. पावसाळाभर ती घरात बसून होती. मी ऑफिसातून आले की दार उघडायची, चहा करायची आणि माझ्याकडे बघत बसायची. हेच व्हायला नको होतं. मला घरी जायची धास्ती वाटायला लागली. त्या दिवसांत मुलुंडकडे जाणारी बस दिसली तरी माझं डोकं उठायचं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दिवाळी झाली, बोंबील यायला लागला. एका सकाळी उठले तर आत्या घरात नाही. तिची मासळीची पाटी नाही. मी तशीच धावत खाली गेले.

तिने कुंपणाच्या एका खांबापासून पुढच्या खांबाला दोरी ताणली होती, मग त्याच्या पुढच्या. बाहेरच्या बाजूने. ताठ, सरळ, एका उंचीचे खांब. वलांडीला असे खांब आम्हाला बापजन्मी मिळाले नव्हते. वारा तोच होता आणि ऊनही तेच. ती दोन बोंबील घ्यायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकून पुढे सरकायची. मी पदर खोचला आणि पाटी धरली.

कुंपणावर नेमलेल्या वॉचमनने पहिल्यांदा दोरी कापली. बोंबील वाळूत पडले. आत्याने गोळा केले, समुद्रात धुतले आणि पुन्हा दोरी बांधली. दुसऱ्यांदा कापली, पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा वॉचमन नुसता बघून गेला. मग रविवार आला, बस आली आणि टी-शर्ट उतरले. यंत्रवाला सगळ्यांच्या पुढे.

"मावशी, हे काय? काढा हे. ही संरक्षित जागा आहे."

"मी बाहेर हाय. बाहेरची जागा कुनाची?"

"खांब सरकारचे आहेत."

"खांबाला काय झालं? उभा हाय ना?"

"मी तक्रार करीन."

"कर ना," मी म्हणाले. "व्हिडिओ पण काढ. या वेळी तिचं तोंड दिसू दे."

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. आता त्याचा आवाज समजावणीचा झाला, मास्तर मंद पोराला समजावतो तसा. "मावशी, ऐका. जुना वापर असता तर कायद्याने तुम्हाला राहता आलं असतं. पण इथे जुनं काही नाही. तुम्हीच सांगितलंत. हे तर तुम्ही आत्ता, या दिवाळीनंतर सुरू केलंत."

आत्याने हातातली जोडी दोरीवर टाकली. मग पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत मला तरी माफी वगैरे काही दिसली नाही.

"आत्ताच केलं," ती म्हणाली. "तुमाला जुनं पायजे ना? मग थांबा. ह्ये पन जुनं होईल."

आणि पाटी पुढे सरकवायला सांगून ती पुढच्या खांबाकडे गेली.